‘आयर्न हॉर्स’मधली इंजिने आणि रूळ टाकणारे हात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या वेस्टर्नपटांवर मराठीत लिहिले जाते तेव्हा बहुतेक मजकूर बंदूक, घोडा आणि दिग्दर्शक यांच्याभोवती फिरतो. जॉन फोर्डचा ‘द आयर्न हॉर्स’ (१९२४) आणि सेसिल बी. डिमिलचा ‘युनियन पॅसिफिक’ (१९३९) या दोन चित्रपटांचा खरा विषय मात्र रेल्वेबांधणी आहे. पडद्यावर रूळ कसे पडतात, कोण टाकतो, काय खरे आणि काय सजवलेले, हे माहीत असेल तर हे चित्रपट फार वेगळे दिसतात. ती माहिती वाचकांपर्यंत पोचावी म्हणून हे पत्र.

‘आयर्न हॉर्स’ सुरू होतो तेव्हा पडद्यावरची पाटी सांगते की अमेरिकेच्या या पहिल्या आरपार रेल्वेची चित्रकथा तपशिलात आणि वातावरणात तंतोतंत खरी आहे. ही रेल्वे दोन कंपन्यांनी दोन टोकांकडून चढाओढीने बांधली: पूर्वेकडून युनियन पॅसिफिक, पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक. १८६९ मध्ये दोघींचे रूळ जुळले त्या समारंभातली ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ ही मूळ इंजिनेच वापरल्याचाही दावा चित्रपट करतो. हा दावा साफ खोटा आहे. युनियन पॅसिफिकचे ११९ क्रमांकाचे इंजिन १९०३ साली भंगारात निघाले आणि सेंट्रल पॅसिफिकचे ज्युपिटर १९०९ साली. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा दोन्हींचे लोखंड वितळून कित्येक वर्षे झाली होती. आज युटामधल्या प्रोमॉन्टरी येथे जी देखणी जोडी वाफ सोडत उभी राहते, त्या १९७९ साली नव्याने घडवलेल्या प्रतिकृती आहेत.

‘युनियन पॅसिफिक’मधली इंजिने अशी तोतया नाहीत, पण तीही त्या काळातली नव्हेत. पॅरामाउंटने नेवाडातल्या व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेकडून ‘इन्यो’ आणि ‘डेटन’ ही दोन इंजिने विकत घेतली होती. डेटन १८७३ चे, सेंट्रल पॅसिफिकच्याच सॅक्रामेंटो कारखान्यात बांधलेले; इन्यो १८७५ चे, बाल्डविन कंपनीचे. म्हणजे प्रोमॉन्टरीच्या समारंभानंतर चार-सहा वर्षांनी जन्मलेली, पण त्याच घराण्यातली. पुढे लहान चाकांच्या दोन जोड्या, मागे मोठ्या चालक चाकांच्या दोन जोड्या, ज्याला ४-४-० म्हणतात तीच रचना. अशी इंजिने धावताना पडद्यावर पाहायला मिळणे ही चैन आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हा चित्रपट पाहावा.

इंजिन ओळखायचे तर आधी धुराडे पाहा. ज्युपिटर लाकूड जाळत असे, म्हणून त्याचे धुराडे वर फुग्यासारखे पसरलेले. आत जाळी आणि शंकू, म्हणजे ठिणग्या बाहेर उडून गवत किंवा लाकडी पूल पेटू नये. ११९ कोळशावर चाले, म्हणून त्याचे धुराडे सरळ नळकांड्यासारखे. समारंभाच्या खऱ्या छायाचित्रात हा फरक ठळक दिसतो. ज्युपिटर तिथे आले तेही अपघाताने. सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष लेलँड स्टॅनफर्ड यांच्या गाडीला ‘अँटिलोप’ नावाचे इंजिन होते. वाटेत एका खोदाईत वरून ओंडका गडगडत येऊन त्याचे नुकसान झाले आणि पुढची वाट ज्युपिटरने ओढली.

मग डब्यांच्या सांध्याकडे नजर वळवा. १८६० च्या दशकात डबे कडी आणि खुंटी पद्धतीने जोडत. दोन डबे जवळ येत असताना ब्रेकमन मध्ये उभा राहून लोखंडी लांबट कडी समोरच्या खाचेत धरायचा आणि वरून खुंटी सोडायचा. हात क्षणभर उशिरा निघाला की बोटे गेली. आपोआप अडकणारा, मुठीसारखा दिसणारा कपलर जॅनी याने १८७३ मध्ये पेटंट केला आणि १८९३ च्या कायद्याने तो देशभर सक्तीचा होऊ लागला. बांधणीच्या गाडीवर असा कपलर दिसला की तो डबा कॅमेऱ्याच्या काळातला समजावा. हवेच्या ब्रेकचेही तेच. वेस्टिंगहाउसचे पेटंट एप्रिल १८६९ चे, म्हणजे शेवटचा खिळा बसण्याच्या जेमतेम महिनाभर आधीचे. तोपर्यंत चालक शिट्टी वाजवून इशारा देई आणि ब्रेकमन डब्यांच्या टपावरून धावत ब्रेकचे एकेक चाक हाताने आवळत जाई. बॉयलरच्या कुशीला लटकणारा हवेचा पंप किंवा डब्यांखालून गेलेली रबरी नळी दिसली तर ती नंतरची भर.

हे दोष चित्रपट नाकारण्यासाठी सांगत नाही. ‘आयर्न हॉर्स’चा मोठा भाग नेवाडात वॉड्सवर्थजवळ, १९२४ च्या ऐन हिवाळ्यात, बर्फात आणि वाऱ्यात चित्रित झाला. वॉड्सवर्थ हे गावच सेंट्रल पॅसिफिकच्या बांधणीतून उभे राहिलेले; १८६८ च्या उन्हाळ्यात रूळ इथे पोचले आणि पुढच्या वाळवंटाची रसद इथूनच निघाली. त्या उघड्या माळावर शेकडो माणसे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ठोकळे, ओढताना, रूळ उचलताना दिसतात आणि कॅमेरा त्यांच्या अंगावर रेंगाळतो, तो चित्रपटाचा सर्वांत सच्चा भाग. वडिलांच्या खुन्याचा शोध घेणाऱ्या नायकाची गोष्ट त्यापुढे फिकी पडते.

त्या दृश्यांत नेमके काय चालले आहे? रूळ टाकणारी टोळी ही लांबलचक रांगेची शेवटची कडी असते. सर्वांत पुढे मोजणीदार, कित्येक आठवड्यांच्या अंतरावर. त्यांच्यामागे भराव घालणारे आणि खोदाई करणारे. मग पूल बांधणारे, कारण पूल उभा नसेल तर मागचे सारेच थांबते. मग स्लीपर पसरणारे, आणि मग रूळ. युनियन पॅसिफिककडे हे शेवटचे काम जॅक आणि डॅन केसमेंट या भावांकडे होते. त्यांची कामगारगाडीच चालती वसाहत होती: झोपायचे तिमजली फळ्यांचे डबे, भटारखाना, जेवणाचा डबा, लोहाराचा भाता. गाडी रुळांच्या टोकाशी उभी आणि टोक रोज पुढे.

रूळ ओतीव नव्हे, घडीव लोखंडाचे. पोलादाचे दिवस अजून यायचे होते. युनियन पॅसिफिकचा बराचसा रूळ यार्डाला ५६ पौंड वजनाचा. ३० फूट लांबीचा असा एक रूळ ५६० पौंड, म्हणजे सुमारे २५४ किलो भरतो. मैलाला दोन्ही बाजू धरून ३५२ रूळ लागतात आणि त्यांचेच वजन ८८ टनांच्या घरात जाते. त्यावर स्लीपर, खिळे, सांध्याच्या पट्ट्या, बोल्ट. हे सारे एका घोड्याच्या हलक्या लोखंडी ढकलगाडीवरून टोकापर्यंत येते. दोन्ही बाजूंना टोळी उभी. रूळ चिमट्यांत धरून पळत पुढे न्यायचा, मुकादमाच्या आरोळीसरशी खाली सोडायचा, लगेच गेजची पट्टी आडवी टाकून दोन रुळांमधले अंतर ४ फूट ८½ इंच आहे ना ते पाहायचे आणि खिळे ठोकायला घणवाले पुढे. ढकलगाडी त्याच ताज्या रुळांवरून पुढे सरकते. रिकामी झाली की तिला बाजूला कलती करून भरलेल्या गाडीला वाट देतात आणि पुन्हा रुळावर घेतात. हे दृश्य पडद्यावर क्षणभरच येते, पण सगळी गती त्यावर अवलंबून असते. एक रिकामी गाडी अडली की मागची साऱ्यांची रांग अडते.

तेव्हाच्या रुळाला घाईची फळे भोगावी लागत. दोन रुळांच्या टोकांमध्ये फट ठेवावी लागते, कारण ३० फुटांचा लोखंडी रूळ ५० अंश सेल्सियसच्या फरकाला सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढतो. माळावरच्या उन्हात फट नसली की रूळ बाजूला वाकतो. हिवाळ्यात फार घट्ट बसवला की उन्हाळ्यात उसळतो, फार सैल ठेवला की सांध्यावर चाक आपटून टोके ठेचली जातात. स्लीपरखाली खडी कुठे होती? बऱ्याच ठिकाणी नुसती माती. पाऊस पडला की स्लीपर खचत, गोठण पडली की वर येत. नेब्रास्कातल्या प्लाट नदीच्या खोऱ्यात झाडे मुळातच कमी. जवळ मिळे ते कॉटनवुडचे मऊ, पाणी पिणारे लाकूड. ते सडू नये म्हणून ओमाहात, जिथून युनियन पॅसिफिकची बांधणी सुरू झाली तिथे, मोठ्या नळकांड्यात जस्ताच्या क्षाराचे द्रावण दाबाने भरत. तरीही असे स्लीपर फार टिकले नाहीत आणि बरेचसे थोड्याच वर्षांत बदलावे लागले. १८६८-६९ च्या हिवाळ्यात वासाच पर्वतात तर गोठलेल्या जमिनीवर आणि बर्फावरच रूळ टाकले गेले. बर्फ सुटू लागला की भराव घसरणार हे इंजिनियरांना माहीत होते. पण मैल मोजून पैसे मिळत होते.

हा पैशाचा भाग दोन्ही चित्रपटांत अगदी विरळ आहे आणि त्यावाचून शर्यत कळत नाही. लिंकन यांनी १ जुलै १८६२ रोजी सही केलेल्या कायद्याने कंपन्यांना मैलामागे सरकारी कर्जरोखे मिळत: सपाटीवर १६,००० डॉलर, दोन पर्वतरांगांमधल्या पठारावर ३२,००० आणि डोंगरात ४८,०००. शिवाय रुळाच्या दोन्ही बाजूंची जमीन, जी १८६४ मध्ये दुप्पट केली गेली. साहजिकच मैल वाढवण्यात फायदा होता. ओमाहातून बाहेर पडताना युनियन पॅसिफिकचे उपाध्यक्ष थॉमस ड्युरँट यांनी मार्गाला असा वळसा दिला की ९ मैलांची भर पडली. सेंट्रल पॅसिफिकने कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताचा पायथा सॅक्रामेंटोपासून अवघ्या ७ मैलांवर, जवळजवळ सपाट जागी सुरू होतो असे भूवैज्ञानिकाकडून लिहवून घेतले आणि तिथपासून ४८,००० चा दर लावला. ‘आयर्न हॉर्स’मधला खलनायक जमीनदार आहे, मार्ग आपल्या जमिनीतून जावा म्हणून तो खिंडीची बातमी दडपतो. प्रत्यक्षात मार्ग वाकडा करण्यासाठी बाहेरचा माणूस लागला नाही. क्रेडिट मोबिलिए या बांधकाम कंपनीच्या नावाने युनियन पॅसिफिकच्या चालकांनी स्वतःलाच कंत्राटे दिली आणि १८७२ मध्ये हे उघड झाले तेव्हा त्यात काँग्रेसचे सदस्यही अडकले.

खिंडीची गोष्ट मात्र निराधार नाही. वायोमिंगमधल्या शायेन गावाच्या पश्चिमेला लॅरमी डोंगरांवर चढायला एक लांब, अरुंद, सरळ चढत जाणारा डांड आहे. तो नसता तर चढ फार तीव्र झाला असता. युनियन पॅसिफिकचे मुख्य इंजिनियर ग्रेनव्हिल डॉज यांनी १८६५ मध्ये सैन्यात असताना तो हेरला असे ते सांगत. पुढे जेम्स इव्हान्स यांनी त्याची रीतसर मोजणी केली. कायद्याने चढाची कमाल मर्यादा बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेइतकी, मैलाला ११६ फूट म्हणजे २.२ टक्के, ठरवली होती. या एका आकड्यामुळे कितीतरी खिंडी बाद झाल्या. चित्रपटातला मोजणीदार दुर्बिणीतून डोंगर पाहतो तेव्हा तो खरे तर हा आकडा शोधत असतो. शर्मन शिखरावर मार्ग ८,२०० फुटांच्या वर जातो. जवळच डेल क्रीकचा लाकडी पूल इतका उंच आणि हलका होता की जोराच्या वाऱ्यात तारांनी ताणून धरावा लागे.

आता त्या भागाकडे येतो ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. दोन्ही चित्रपटांचे मन माळावर रमते. तिथे घोडे पळवता येतात, हल्ला दाखवता येतो, आकाश मोठे दिसते. अवघड काम मात्र दुसऱ्या टोकाला, सिएरा नेवाडात झाले. सेंट्रल पॅसिफिकने पहिला रूळ ऑक्टोबर १८६३ मध्ये सॅक्रामेंटोत टाकला. तिथून डोंगराच्या शिखरापर्यंतचे १०५ मैल पुरे व्हायला नोव्हेंबर १८६७ उजाडला. पुढच्या वर्षभरात त्याच लोकांनी नेवाडाच्या सपाटीवर ३०० हून अधिक मैल टाकले. चार वर्षे कुठे गेली? ग्रॅनाइटमध्ये.

शिखरावरचा सहा क्रमांकाचा बोगदा १,६५९ फूट लांब. दोन टोकांनी खोदत बसलो तर फार वर्षे जातील म्हणून मधोमध सुमारे ७३ फूट खोल विहीर पाडून आतून दोन्ही दिशांना खोदाई सुरू केली; असे चार तोंडांनी काम चाले. विहिरीतला दगड वर काढायला एक जुने इंजिन चाकांवेगळे करून डोंगरावर चढवले होते. भोक पाडायची रीत तिघांची: एकाने पोलादी पहार धरायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचे, प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार किंचित फिरवायची. फिरवली नाही तर ती दगडात अडकते. भोकात बंदुकीची काळी दारू भरून सुरुंग. एका तोंडाची दिवसाची प्रगती सरासरी १.१८ फूट. एवढ्या श्रमाला सव्वा फूटही नाही.

मग १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन हे द्रवरूप स्फोटक आले. आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या पेट्यांचा स्फोट होऊन माणसे मेली होती, त्यामुळे ते वाहून आणणे अशक्यच झाले. रसायनतज्ज्ञ जेम्स हाउडन ग्लिसरीन, नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल वेगवेगळे आणून डोंगरावरच रोजचे रोज बनवत. त्याला दारूच्या भोकाच्या निम्म्या व्यासाचे, सव्वा इंचाचे भोक पुरे, म्हणजे पहारीचे काम तेवढे कमी. धूरही कमी, त्यामुळे माणसे लवकर आत जाऊ शकत. वेग १.८२ फुटांवर गेला. ऑगस्टच्या अखेरीस तोंडे एकमेकांना मिळाली तेव्हा मोजणीतली चूक अवघी २ इंच निघाली. चार तोंडांनी, दिव्यांच्या उजेडात! हा बोगदा १९९३ पर्यंत गाड्यांसाठी वापरात होता. १८६६-६७ च्या हिवाळ्यात इथे ४४ वादळे झाली. कामगार बर्फाखाली बोगदे करून राहत आणि त्यातूनच कामावर जात. हिमलोट आले की छावणीच्या छावणी गडप होई. या बर्फापायी पुढे मार्गावर सुमारे ३७ मैल लाकडी छपरे घालावी लागली. बोगदा व्हायची वाट न पाहता तीन इंजिने आणि चाळीस डबे घसरगाड्यांवरून, बैल जुंपून शिखरापलीकडे नेले आणि तिकडून काम सुरू केले. रूळ, इंजिने, सारे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून जहाजाने केप हॉर्नला वळसा घालून कित्येक महिन्यांनी पोचे, कारण कायद्याने लोखंड अमेरिकन असायला हवे होते.

हे काम केले ते मुख्यतः चिनी कामगारांनी. १८६५ मध्ये सेंट्रल पॅसिफिकच्या बांधकामाचे प्रमुख चार्ल्स क्रॉकर यांनी पन्नासेक जणांची टोळी घेऊन पाहिली; बांधकाम अधीक्षक जेम्स स्ट्रोब्रिज यांना ते आधी पटलेच नव्हते. काम सर्वांत जोरात असताना ही संख्या दहा हजारांच्या पुढे गेली, म्हणजे एकूण कामगारांपैकी दहातले आठ-नऊ. बहुतेक सारे दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातले. टोळी डझन-दीड डझनांची, तिचा एक म्होरक्या आणि एक स्वयंपाकी. स्वयंपाकी दिवसभर उकळलेला चहा पुरवी. साचलेले पाणी पिणाऱ्या गोऱ्या टोळ्यांत जुलाब-हगवणीने माणसे पडत, इकडे कमी पडत. गोऱ्या मजुराला पगाराशिवाय जेवण मिळे, चिनी मजुराला ते स्वतःच्या खिशातून करावे लागे. जून १८६७ मध्ये हजारो चिनी कामगारांनी एकाच दिवशी हत्यारे खाली ठेवली. मागणी महिना ४० डॉलर, उघड्यावर १० तास आणि बोगद्यात ८ तास. क्रॉकर यांनी छावण्यांचा शिधा बंद केला. डोंगरात दुसरीकडून अन्न येणार कुठून? आठवड्याभरात संप मोडला.

‘आयर्न हॉर्स’मध्ये चिनी कामगार दिसतात, हे खरे. पण ते गर्दी म्हणून दिसतात. नाव, संवाद, दुःख हे सारे आयरिश सैनिकांच्या वाट्याला. ‘युनियन पॅसिफिक’ तर पूर्वेकडून आलेल्या कंपनीच्याच बाजूने सांगितला आहे, त्यामुळे सिएरा त्यात जवळजवळ नाही. आयरिशांचे श्रम खोटे होते असे म्हणायचे नाही. माळावरची टोळी बहुतांशी त्यांची, त्यांच्यात यादवी युद्धातून परतलेले दोन्ही बाजूंचे सैनिक, गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीयही. युटामध्ये भरावाचे काम मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, त्यांचे नेते ब्रिगम यंग यांच्या मार्फत केले. यातला मोठा भाग पडद्यावर येत नाही.

नोंदींचा हाच कल २८ एप्रिल १८६९ च्या दिवसातही दिसतो. त्या दिवशी सेंट्रल पॅसिफिकने युटामध्ये १० मैल ५६ फूट रूळ टाकले. आधी पाच गाड्या भरून ठेवल्या, प्रत्येकी १६ डबे, एकेका गाडीत दोन मैलांचा माल. क्रॉकर यांनी दिवस असा निवडला की युनियन पॅसिफिकला विक्रम मोडायला तेवढे अंतरच उरू नये. ३,५२० रूळ, २५,८०० स्लीपर, १४,०८० बोल्ट. रूळ उचलणारे आठच आयरिश होते, एकेका रुळाला चौघे. जेवणाची सुट्टी सोडली तर सुमारे ११ तास काम. हिशेब केला तर साडेबावीस सेकंदांना रुळांची एक जोडी खाली ठेवली गेली. प्रत्येकाने दिवसभरात सुमारे ११० टन लोखंड पेलले. या आठांची नावे आजही पूर्ण उपलब्ध आहेत, आणि ते योग्यच. त्यांच्यापुढे स्लीपर मांडणाऱ्या, मागे माती ठासणाऱ्या शेकडो चिनी कामगारांपैकी एकाचेही नाव त्या दिवसाच्या नोंदीत नाही. कंपनीच्या पगारपत्रकांवर टोळीच्या म्होरक्याचे नाव असे, बाकीच्यांचा हिशेब त्याच्या नावावर.

हल्ल्याच्या प्रसंगांविषयी थोडे. डिमिलच्या चित्रपटात अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींचे योद्धे पाण्याची टाकी ओढून रुळांवर पाडतात. दृश्य जबरदस्त आहे. १८६७ च्या ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या प्लम क्रीकजवळ शायेन जमातीच्या योद्ध्यांनी गाडी पाडली ती याहून साध्या रीतीने: खिळे उपसून रूळ उचलला. उलट, पॉनी जमातीची तुकडी फ्रँक नॉर्थ यांच्या हाताखाली याच मार्गाचे रक्षण करत होती. रेल्वे ज्यांच्या शिकारीच्या प्रदेशातून गेली त्यांच्याकडे हे चित्रपट अडथळा म्हणूनच पाहतात, आणि आजच्या प्रेक्षकाने ते जाणून पाहावे.

शेवटचा खिळा दोन्ही चित्रपटांत थाटात येतो. ‘युनियन पॅसिफिक’साठी तर खरा सोन्याचा खिळा स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून आणला होता. तो ठोकला गेला असे मात्र समजू नये. सोने मऊ, घण पडला तर वाकेल. १० मे १८६९ रोजी लॉरेलच्या खास स्लीपरला आधीच भोके पाडून सोन्या-चांदीचे चार खिळे त्यात नुसते अलगद बसवले, मग काढून घेतले. त्यानंतर साधा स्लीपर आणि लोखंडी खिळा. त्याला आणि घणाला तारायंत्राची तार जोडली होती, म्हणजे घावाचा आवाज देशभर जावा. स्टॅनफर्ड यांचा घाव चुकला. तारवाल्याने तरी संदेश धाडला. तेव्हा प्रोमॉन्टरीत दुपारचे १२ वाजून ४७ मिनिटे झाली होती. प्रत्येक गावाची वेळ वेगळी, कारण प्रमाणवेळ १८८३ ची. आणि ‘आरपार’ म्हटली तरी मिझुरी नदीवर ओमाहाला पूल नव्हता; तो १८७२ मध्ये झाला, तोवर प्रवासी नावेने किंवा हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून जात.

चित्रपट पाहू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘आयर्न हॉर्स’ दोन रूपांत मिळतो. अमेरिकी आवृत्ती सुमारे अडीच तासांची, परदेशी आवृत्ती त्याहून छोटी आणि वेगळ्या टेकवरून जुळवलेली. पहिली पाहावी. मूकपट जास्त वेगाने चालवला तर घण घालणारी माणसे टुणटुण उडताना दिसतात आणि २५४ किलोचा रूळ पुठ्ठ्याचा वाटतो. योग्य वेगाने दाखवलेली प्रत घ्यावी. रूळ टाकण्याची दृश्ये एकदा न थांबता पाहावीत आणि मग थांबवत, ढकलगाडी, गेजची पट्टी आणि घणवाल्यांचा क्रम शोधत.

आपल्याला विनंती एवढीच की या चित्रपटांवर लेख येईल तेव्हा त्यासोबत सहसा छापले जाणारे अँड्र्यू रसेल यांचे समारंभाचे छायाचित्र नीट ओळींसह छापावे. मध्यभागी हात मिळवणारे दोघे चालक किंवा कंपनीचे मालक नव्हेत. ते सेंट्रल पॅसिफिकचे मुख्य इंजिनियर सॅम्युअल माँटेग्यू आणि युनियन पॅसिफिकचे ग्रेनव्हिल डॉज. फुग्याच्या धुराड्याचे इंजिन ज्युपिटर, सरळ धुराड्याचे ११९. आणि सेंट्रल पॅसिफिकच्या दहा हजारांवर चिनी कामगारांना या चित्रात जवळजवळ जागाच नाही, हेही त्याच ओळींत लिहावे.

आपला,
रेल्वेबांधणीच्या इतिहासाचा अभ्यासक, एक वाचक